मावश्या टिकत नाहीत हे खरं, पण का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात 'वाचकांची पत्रे'मध्ये टिळकवाडीच्या एका गृहस्थांचं पत्र वाचलं. त्यांच्या आई शहरातल्याच एका पैसे भरून ठेवायच्या वृद्धाश्रमात आहेत. आईची देखभाल करायला ठेवलेल्या मावश्या, म्हणजे तिथल्या आया, इतक्या वेळा बदलल्या की नावं लक्षात ठेवायचंही आपण सोडून दिलं, असं ते लिहितात. त्यांचा राग मला समजतो. आईला भरवणारा हात दर महिना-दीड महिन्याला बदलला तर कुठल्याही मुलाचं डोकं फिरेल. पण पत्राच्या शेवटी त्यांनी निकालच देऊन टाकलाय, की सरकारनं महिन्याला दोन हजार फुकट द्यायला सुरुवात केल्यापासून या बायकांना काम नको झालंय. तेवढं मात्र मला पटलं नाही, म्हणून हे लिहिते आहे. पत्र लांबणार आहे, कापायचं असेल तर शेवट कापू नका, एवढी विनंती.

मी ए.एन.एम., म्हणजे सहायक नर्स-सुईणीचा कोर्स झालेली बाई. आधी प्रसूतीच्या दवाखान्यात होते. नोकरीची शेवटची वर्षं बेळगावच्या वेशीबाहेरच्या एका वृद्धाश्रमात काढली आणि गेल्या वर्षी निवृत्त झाले. तिथं माझ्याकडं दोन कामं होती. एक औषधं द्यायची आणि दुसरं मावश्यांच्या ड्युटीचा तक्ता करायचा. औषधांचं काम सोपं असतं, गोळी पळून जात नाही. तक्त्यानं मात्र केस पांढरे केले. संस्थेचं नाव लिहीत नाही. जे सांगणार आहे ते थोड्याफार फरकानं आजूबाजूच्या कुठल्याही आश्रमात सापडेल.

आधी त्या दोन हजारांचं बोलू. ते देणारी कर्नाटक सरकारची गृहलक्ष्मी योजना सुरू झाली ऑगस्ट २०२३ मध्ये. मी तक्ता करत होते तो त्याच्या आधीचाही काळ आणि नंतरचाही. मावश्या आधीही जातच होत्या. फरक पडला तो असा, की पूर्वी मालकानं पगार दहा दिवस लांबवला तर बाई उचल मागत, दुकानदाराकडची उधारी वाढवत तिथंच राहायची. आता ती म्हणते, "बघतो की दुसरीकडं." रेशन आणि गॅसपुरते हातात असतात, तेवढ्यावर तिला तीन-चार आठवडे थांबता येतं. याला आळस म्हणायचं असेल तर म्हणा. आपली पोरं एका कंपनीतून दुसरीत उडी मारतात तेव्हा आपण पेढे वाटतो.

उलट ११ जून २०२३ ला शक्ती योजनेत बायकांचा एसटीचा प्रवास फुकट झाला, तेव्हा आमच्याकडं लांबलांबच्या गावांहून बायका विचारायला यायला लागल्या. त्याआधी तिकिटातच पगाराचा लचका जायचा. यातही आपल्या सीमाभागाची एक गंमत आहे. वेंगुर्ला रस्त्यानं उचगाव, सुळग्याकडून येणारी मावशी फुकट यायची. त्याच रस्त्यावर जरा पुढं शिनोळीची मावशी, पण आधारकार्डावर चंदगड तालुका, जिल्हा कोल्हापूर. तिला कर्नाटकच्या गाडीत पूर्ण तिकीट. महाराष्ट्राच्या लाल गाडीत मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, पण ती गाडी ड्युटीच्या वेळेला मिळाली तर ना! एकाच वॉर्डात, एकाच कामाला, एकाच पगारावर दोघी, आणि महिन्याच्या शेवटी दोघींच्या हातात पडणारे पैसे वेगळे. सीमाप्रश्नाचा एवढा बारीक हिशेब कुठल्या पुढाऱ्यानं भाषणात सांगितलेला मला आठवत नाही.

आता पगार. मी सोडलं तेव्हा नव्या मावशीला बारा तासांच्या पाळीचे महिना दहा हजार होते. महिन्यात चार सुट्ट्या, त्यातल्या दोन कागदावर. सव्वीस दिवसांनी भागलं तर दिवसाला ३८५ रुपये. २०२५-२६ साठी कर्नाटकात रोजगार हमीची मजुरी दिवसाला ३७० रुपये ठरलेली होती. रोजगार हमीचं काम रोज मिळत नाही, हे मलाही ठाऊक आहे. पण ३८५ रुपयांत बारा तास उभं राहून परक्या माणसाचं हगणं-मुतणं काढायचं, त्याच्या शिव्या ऐकायच्या, आणि वरून त्याच्या मुलाची बोलणी खायची, हा भाव कुणी ठरवला? शेजारच्या शेतात कोथिंबीर-मेथीच्या जुड्या बांधायला गेलं तर अर्ध्या दिवसात सुटका होते आणि चार बायकांत बोलत बसता येतं. वडगाव-शहापूरकडच्या बायकांना मागावर कांड्या भरायचं काम घरबसल्या असतं. चंदगडकडं काजूचे कारखाने आहेत. आणि सगळ्यात मोठं खेचून नेणारं म्हणजे गोवा. चोर्ल्याचा घाट उतरला की तेच काम, एकच पेशंट, राहून-जेवून, आणि पैसे आपल्याकडच्यापेक्षा जास्त. आमच्याकडं काम शिकून तयार झालेल्या किती बायका त्या घाटानं गेल्या! मी कुणाला अडवू शकले नाही, अडवावं असं वाटलंही नाही.

पण सगळं पगारावरच ढकललं तर ते खोटं होईल. आमच्या मालकांनी एका दिवाळीला बरे पैसे वाढवले होते. त्यानंतरच्या दोन महिन्यांत पुन्हा तीन जणी गेल्या. मालक मला म्हणाले, "बघा सिस्टर, यांना कितीही द्या." त्या तिघी कशासाठी गेल्या ते मला माहीत होतं. तिघीही रात्रपाळीच्या होत्या.

आमच्या खालच्या मजल्यावर अठरा खाटा. त्यांतले सात जण अंथरुणाला खिळलेले. अंथरुणावरच्या माणसाची दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, खुब्यावर, टाचांना जखमा होतात आणि त्या एकदा चिघळल्या की महिनोन् महिने भरत नाहीत. बारा तासांच्या रात्रीत एकेकाची कूस सहा वेळा, म्हणजे सात जणांच्या ४२ वेळा. नुसतं वळवून भागत नाही. डायपर बघायचा, ओला असेल तर बदलायचा, अंग पुसून कोरडं करायचं, चादरीच्या सुरकुत्या काढायच्या, लघवीची पिशवी भरली असेल तर रिकामी करायची. एका वेळेला दहा मिनिटं धरली तरी सात तास झाले. उरलेल्या पाच तासांत बाकीचे अकरा जण. कुणाला बाथरूमला न्यायचं, कुणी "मला घरी सोडा" म्हणत दाराशी उभं, कुणाची साखर उतरून दरदरून घाम. आणि एवढ्या सगळ्याला मावशी एक.

मग ती काय करते? पहाटे पाचला तक्त्यात सगळ्या वेळा एकदम भरते. दोनची, चारची, सहाची सही एकाच शाईत, एकाच हाताच्या ओढीत. मला ते बघता क्षणी कळायचं. ओरडायचं कुणावर?

वजनाचं तर विचारू नका. पंच्याहत्तर किलोचे आजोबा, अर्धं अंग लुळं. त्यांना वर सरकवायचं तर दोन माणसं पाहिजेत, कमरेखाली घडी घातलेली आडवी चादर पाहिजे, आणि दोघींनी एकाच वेळी तोल सांभाळून ओढायला पाहिजे. हे शिकवायला अर्धा तास लागतो. पण दुसरं माणूस कुठून आणायचं? एकटी मावशी काखेत हात घालून ओढते. तिचं स्वतःचं वय पंचेचाळीस-पन्नास. महिन्याभरात येऊन सांगते, "सिस्टर, पाठ धरली बघा, वाकता येईना झालंय." मलम लावते, पट्टा बांधते, आणखी थोडे दिवस काढते आणि जाते. ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा योजना असती तर तिला निदान तपासणी आणि भरपगारी नसली तरी काहीतरी पैशांची रजा मिळाली असती. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असणाऱ्या कामगारासाठी ती सोय आहे. कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का आणि मालकाचा सव्वातीन टक्के. दहा हजारांवर मालकाचे होतात ३२५ रुपये. पावसाळ्यात बुरशी धरलेल्या एका गादीची किंमत यापेक्षा जास्त असते. पण गादी आलेल्या पाहुण्याला दिसते आणि ईएसआय दिसत नाही, त्यामुळं पैसे कुठं जातात ते वेगळं सांगायला नको.

बारा तासांच्या पाळीवर मी एवढं बोलले, तर तुम्ही म्हणाल आठ-आठ तासांच्या तीन पाळ्या करा. मीही तसंच म्हणाले होते. तक्ता करून मालकांपुढं ठेवायच्या आधी मावश्यांना दाखवला, तर सगळ्याजणी एकदम अंगावर आल्या. "दुपारची पाळी रात्री दहाला सुटली तर आम्ही जायचं कुठं? गाडी आहे काय?" पुस्तकातला आठ तासांचा न्याय आमच्या रस्त्यावरच्या शेवटच्या गाडीपाशी येऊन थांबतो. म्हणून ड्युटीचा विचार घड्याळाआधी गाडीच्या वेळेनं करावा लागतो. आमच्याकडं पाळी आठला सुटायची. खानापूरकडच्या मावश्यांची गाडी पावणेआठच्या आसपास जायची. त्या लवकर निघायच्या, चार्ज नीट दिला जायचा नाही, मालक अर्ध्या दिवसाचा पगार कापायचे, आणि तेवढ्यावरून भांडण होऊन बाई जायची. शेवटी पाळी सातची केली. पैसा एक खर्च झाला नाही, आणि खानापूरची गळती थांबली. हे एवढं सोपं काम इतकी वर्षं का झालं नाही, तर गाडी किती वाजता असते हे मावश्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खाड्याचाही असाच प्रकार. नियम असा, की न सांगता एक खाडा झाला तर दोन दिवसांचा पगार कट. कागदावर शिस्त दिसते. प्रत्यक्षात आमच्या भागात जुलैत भाताची लावणी असते. घरचं शेत थांबत नाही, आणि त्या दिवसांत पाऊस असा कोसळतो की ओढ्याला पाणी आलं की रस्ताच बंद. गावची महालक्ष्मीची यात्रा किती तरी वर्षांनी एकदा येते, तेव्हा घरात पन्नास पाहुणे आणि सुनेनं ड्युटीवर जायचं, हे कुठल्या सासूला पटेल? या तारखा वर्षभर आधी ठाऊक असतात. त्या गावच्या मावश्यांची रजा आधीच धरून बदली माणूस बघून ठेवलं तर भागतं. पण ते न करता आधी रजा नाकारायची, मग खाडा लावायचा. पगार कापला गेल्यावर तिला वाटतं, आता महिना गेलाच आहे, कशाला जायचं? ती परत येतच नाही. जुलैत आमच्याकडं सगळ्यात जास्त नवी माणसं दिसायची.

आता जे लिहिणार आहे ते लिहू की नको, असा विचार करत होते. एका आजींची कानातली कुडी हरवली. मुलगी पुण्याहून आली. मालकांनी सगळ्यांसमोर मावशीची पिशवी ओतायला लावली. जेवणाचा डबा, कंगवा, औषधाची चिठ्ठी, पोराच्या शाळेची पावती, सगळं टेबलावर. कुडी मिळाली नाही. दोन दिवसांनी आजींच्याच स्वेटरच्या दुमडीत सापडली. मुलीचा फोनवर निरोप आला, "सापडली हं, थँक्यू." मावशीला कुणी काही बोललं नाही. ती माझ्याकडं आली. "मी घेतलो न्हाई म्हणून चारदा सांगितलो सिस्टर. तवा कोण ऐकलं न्हाई. आता सापडल्यावर तरी एक शब्द बोलायचा की." दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. ती आमची सगळ्यात चांगली भरवणारी बाई होती, घशात अडकेल अशा पेशंटला चमच्याचं टोक जिभेवर टेकवून थांबायचं कसं हे तिला न सांगता जमायचं. संस्थेच्या वहीत तिच्या नावापुढं शेरा पडला, 'वैयक्तिक कारणामुळे'.

वहीत असा शेरा मी पुष्कळ वेळा लिहिलेला आहे. त्याच्याखाली काय काय दडलेलं असतं! जात विचारून मग पाण्याचा पेला हातात घेणाऱ्या आज्या मी पाहिल्या. भान गेलेले किंवा भान असूनही हात टाकणारे आजोबा पाहिले, आणि त्यावर "म्हातारं माणूस आहे, मनावर घेऊ नका" म्हणून हसणारे मुलगेही पाहिले. मुलीचं लग्न ठरवताना "आई काय करते?" या प्रश्नाला "दवाखान्यात हाय" एवढंच उत्तर देणाऱ्या मावश्या तर बहुतेक सगळ्याच. एकीच्या व्याह्यांना खरं कळलं तेव्हा ती दुसऱ्या आठवड्यात सोडून गेली. तिचं कामावर प्रेम नव्हतं असं म्हणायची माझी तरी छाती नाही.

मरणाबद्दल कुणीच बोलत नाही. मावशी एखाद्या आजीला वर्षभर न्हाऊ-माखू घालते, वेणी घालते, तिच्या सुनेला शिव्या कशा द्यायच्या तेही ऐकते. आजी पहाटे जाते. नातेवाईक येतात, गाडी येते. दुपारी खाट धुवायची, संध्याकाळी त्याच खाटेवर नवा पेशंट. मावशीनं डोळे पुसले तर बाकीच्या पेशंटांपुढं रडू नको म्हणून मीच सांगायचे, कारण तसं सांगायची पद्धत होती. एखाद्या महिन्यात लागोपाठ दोन-तीन मयत झाल्या की त्या मजल्यावरची एखादी मावशी पुढच्या महिन्यात नसणार, हे मी तक्ता करताना धरूनच चालायचे. पहिल्या मयतीनंतर एक दिवस सुट्टी द्या आणि दहाव्याला जायचं असेल तर जाऊ द्या, असं मी सुचवलं होतं. ते हसण्यावारी गेलं.

एवढं असूनही काही जणी टिकल्या. यळ्ळूरची एक मावशी मी तिथं लागायच्या आधीपासून होती, मी सोडून आले तरी आहे. तिला काय वेगळं मिळालं ते मी पुष्कळ वेळा मनाशी ताडून पाहिलंय. पगार इतरांपेक्षा थोडा जास्त होता, पण थोडाच. तिला कायमचे सहा पेशंट दिलेले होते, रोज तेच. मंगळवार तिचा सुट्टीचा, काही झालं तरी मंगळवारच. आणि आमच्याकडं आठवड्याला येणारे डॉक्टर राउंडला तिला हाक मारून विचारायचे, "मावशी, जेवण कसं आहे यांचं?" मला न विचारता तिला. सुरुवातीला मला ते खटकायचं, खोटं कशाला बोलू. पण एका सकाळी ती मला म्हणाली, "सिस्टर, आजी आज डाव्या हातानं पदर ओढून घ्यायला न्हाईत." मी बीपी बघितलं असतं, नाडी बघितली असती आणि पुढं गेले असते. तिच्या त्या वाक्यावर आजींना दवाखान्यात हलवलं, पक्षाघाताचा झटका होता, वेळेत पोचल्या. रोज बदलणाऱ्या माणसाला आजी पदर कुठल्या हातानं ओढतात हे कळणार कसं?

टिळकवाडीच्या गृहस्थांनी म्हणूनच हे समजून घ्यायला पाहिजे, की मावशी बदलते म्हणजे फक्त चेहरा बदलत नाही. आईला आधी ताक पाजलं तरच पुढचा घास जातो, उजवा गुडघा दुमडताना दुखतो, रात्री दिवा पूर्ण घालवला तर घाबरतात, विसरभोळेपणात मराठी सोडून माहेरच्या कानडीत बोलायला लागतात, हे सगळं त्या बाईबरोबर निघून जातं. ते कुठल्याच फायलीत नसतं. नवी येते ती पहिले पंधरा दिवस फक्त हेच चाचपडत असते, आणि जखमा, पडणं, अंगातलं पाणी कमी होणं हे नेमकं त्याच पंधरा दिवसांत घडतं.

हा रोग आपल्याच भागातला नाही. माझ्या भाचीनं अमेरिकेतल्या एका अभ्यासाबद्दल मला वाचून दाखवलं. तिथं पंधरा हजारांहून जास्त नर्सिंग होमच्या २०१७ आणि २०१८ च्या हजेरी-पगाराच्या नोंदी तपासल्या. तो अभ्यास २०२१ मध्ये छापून आला. नर्सिंग करणाऱ्या कर्मचाऱ्यांची गळती वर्षाला सरासरी १२८ टक्के निघाली. म्हणजे शंभर जागांच्या ठिकाणी वर्षात सव्वाशेहून जास्त वेळा कुणीतरी सोडून गेलं. सरासरी काही फार वाईट संस्थांमुळं फुगते म्हणून मधोमध येणारी संस्था बघितली, तर तिथंही ९४ टक्के. तिथं ना गृहलक्ष्मी ना शक्ती. मग तिथल्या बायका-पुरुषांनाही काम नकोसं झालं म्हणायचं काय? मला मात्र पुढची गोष्ट जास्त आवडली. २०२२ पासून तिथलं सरकार प्रत्येक नर्सिंग होमची गळती लोकांना बघता येईल अशी आपल्या वेबसाइटवर मांडतं. आईला कुठं ठेवायचं ते ठरवताना मुलाला बघता येतं, इथं माणसं टिकतात की नाही.

आपल्याकडं २००७ चा आईवडील आणि ज्येष्ठ नागरिकांचा कायदा आहे. त्याच्या कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात निदान १५० निराधार वृद्धांची सोय होईल असा आश्रम, आणि आश्रम कसे चालवायचे, दर्जा काय ठेवायचा हे राज्यानं ठरवावं, असं म्हटलंय. तपासणीला अधिकारी येतात तेव्हा मी फाइल घेऊन बरोबर फिरलेली आहे. संडासात दांडा आहे का, आग विझवायचा सिलिंडर भरलेला आहे का, जेवणाचा फलक लावला आहे का, सगळं बघतात, बघायलाच पाहिजे. गेल्या बारा महिन्यांचं हजेरीबुक काढा, असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. नावं किती बदलली ते पाच मिनिटांत दिसलं असतं.

मालकांची बाजू मी सोडून देत नाही. पैसे भरून ठेवायच्या आश्रमात भाडं, लाइट, डायपर, जेवण यांतच घरच्यांचे पैसे संपतात. धर्मादाय आश्रमाचं तर दात्यांवरच चालतं. पण दातेही मजेशीर असतात. वाढदिवसाला गोडाचं जेवण देतात, पंख्याच्या पात्यावर आजोबांचं नाव लिहून पंखा देतात, ब्लँकेटं तर इतकी येतात की कपाटात मावत नाहीत. 'एका मावशीचा वर्षाचा पगार आमच्याकडून' असं सांगणारा दाता मला एकदाही भेटला नाही. पगारावर नाव लिहिता येत नाही ना! रात्रपाळीची दुसरी मावशी एवढ्यानं उभी राहिली असती.

शिकण्याचंही तसंच. नव्या मावशीला पहिल्या दिवशी झाडू आणि बेडपॅन हातात देऊन "त्या बाईंबरोबर फिर" म्हणतात. पहिल्या महिन्यात जितक्या जातात तितक्या नंतर जात नाहीत, आणि जाणाऱ्यांतल्या निम्म्या भीतीनं जातात, नाकातली नळी निघाली तर, हातून कुणी पडलं तर. पेशंटची काळजी घेण्याचे सरकारी कौशल्य योजनेतले कोर्स आहेत, पण कोर्स केलेली आणि न केलेली दोघींना आमच्याकडं एकच पगार. दहा वर्षं झाली तरी मावशी ती मावशीच. निदान जुन्या मावशीला 'मुख्य मावशी' करून नव्यांना शिकवायचे महिना हजार रुपये जास्त द्या, असं मी जाता जाता लिहून ठेवलं. त्याचं काय झालं ते विचारायला मी गेले नाही.

टिळकवाडीच्या गृहस्थांना माझी विनंती अशी. पुढच्या वेळी आईला भेटायला जाल तेव्हा ऑफिसात तीन गोष्टी विचारा. आईच्या मजल्यावर रात्री किती जणी असतात? त्यांना पगार कितव्या तारखेला मिळतो? आणि आईला कायमची मावशी ठरवून दिलेली आहे का? जेवणाचा मेनू नंतर विचारला तरी चालेल. मावशीला 'अहो मावशी' म्हणा. दिवाळीला पाकीट दिलंत तर ऑफिसातून न देता तिच्या हातात द्या. चार कुटुंबांनी मिळून रात्रीच्या जादा माणसाचा खर्च वाटून घ्यायला काय हरकत आहे, तेही एकदा मालकांना विचारून बघा. मी स्वतः विचारलं असतं तर त्यांनी मला नोकर म्हणून ऐकवलं असतं. तुमचं ऐकतील, कारण पैसे तुम्ही भरता.

एक विनंती वायव्य कर्नाटक परिवहनच्या बेळगाव विभागालाही, आपल्या दैनिकामार्फत. खानापूर रस्ता, यळ्ळूर आणि उचगाव या तिन्ही मार्गांवर रात्री साडेआठ ते नऊच्या दरम्यान एक एक जादा गाडी सोडावी. वृद्धाश्रमच काय, दवाखान्यांत झाडलोट करणाऱ्या, दुकानांत उभ्या राहणाऱ्या बायकाही त्या गाडीला भरपूर मिळतील. तिकीट फुकट आहे म्हणून गाडी तोट्यात जाईल असं सांगू नये, त्याचे पैसे सरकार महामंडळाला देतं असं आम्हाला सांगितलेलं आहे. वेळापत्रक कधी बदलणार ते अधिकाऱ्यांनी याच सदरात कळवलं तर ड्युटीचा नवा तक्ता मी फुकटात करून द्यायला तयार आहे.

आपली,
एक निवृत्त सिस्टर
अनगोळ, बेळगाव
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)